वैशाखातला बांगडा

नाव: महिपत गंगाराम वरवडेकर. हुद्दा: मापारी, चौथा वर्ग. नेमणुकीचे ठिकाण: मासळी खारवण्याचे सरकारी आवार, कांदळबंदर, जिल्हा रत्नागिरी. जन्मसाल: अंदाजे १८८६ (‘तुफानाच्या आदल्या साली’ असे उमेदवाराचे म्हणणे; कोणते तुफान, हे लिहिण्यास पत्रकात जागा नाही). उंची: पाच फूट तीन इंच, टोपीविना. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. शिक्षण: मराठी चौथी, अक्षर उत्तम. वर्तणूक: समाधानकारक. कर्तव्य: आवारात येणारी ओली मासळी तोलून तिची नोंद ठेवणे व तिच्या प्रमाणात बिनकराचे मीठ मोजून देणे. सदर इसमाच्या नोंदी या भागातील मासेमारीविषयी सरकारास उपलब्ध असलेली एकमेव खात्रीलायक माहिती होय.

यातलं शेवटचं वाक्य एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या वरिष्ठांच्या शेऱ्यातलं. ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने कांदळबंदर पाहिलं नव्हतं. वही मात्र पाहिली होती, आणि वही खरोखर पाहण्यासारखी होती. महिपतच्या टाकातून शाई कधी सांडली नाही, रकाना कधी चुकला नाही, आणि इतक्या वर्षांत एक खाडाखोड म्हणून नाही. खाडाखोडच नाही म्हटल्यावर एखाद्या वाण्याने त्या वहीकडे संशयाने पाहिलं असतं. खात्याने तिला आदर्श ठरवलं.

कांदळबंदर मालगुंडाच्या उत्तरेला, वेळणेश्वरच्या अलीकडे, एका अरुंद खाडीच्या तोंडाशी वसलेलं. खारव्यांची पस्तीस घरं, सात होड्या, एक देऊळ, आणि तारेचं कुंपण घातलेलं हे आवार. सरकारने आवार घातलं त्याला कारण होतं. मिठावर कर होता, आणि कराचं मीठ लावून बांगडा खारवला तर बांगड्यापेक्षा मीठच महाग पडे. म्हणून सवलत अशी, की मणभर ओली मासळी फाटकातून आत आली, काट्यावर चढली, की तिच्यामागे दहा शेर मीठ बिनकराचं. ते आवारातच वापरायचं. मिठाने बाहेर जायचं ते माशाच्या पोटात बसून. दुसऱ्या कुठल्या वाटेने ते जाऊ नये म्हणून फाटकावर एक शिपाई असे. पण बायकांच्या पाट्या उपसून बघण्याची त्याची छाती नव्हती, कारण त्याला जेवण त्याच बायका देत.

महिपत जातीने खारवीच. पण होडीत पाय ठेवला की त्याला उलटी होई. बापाने दोन हंगाम वाट पाहिली, मग कपाळावर हात मारून पोराला शाळेत घातलं. समुद्राने नाकारलेला माणूस सरकारने घेतला, आणि एकोणीसशे एकोणीस साली तो हातात काटा घेऊन समुद्राच्याच दाराशी येऊन बसला.

आता इथे या पट्टीतली एक चाल सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. इथे मीठ नाव घेऊन मागत नाहीत. हातावर हात मीठ दिलं तर दोन घरांत भांडण शिरतं, असं मानतात. शेजारणीकडून मीठ हवं असेल तर रिकामी वाटी तिच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि भलत्याच गोष्टी काढायच्या: ऊन किती तापलंय, गाय आटली का, लेकीचं पत्र आलं का. तिने ओळखायचं, वाटी भरून ठेवायची, आणि आपणही गाईबद्दलच बोलत राहायचं. मीठ हा शब्द दोघींच्याही तोंडून निघाला नाही, तर शेजार टिकतो.

पहिल्याच चैत्रात सोनूबाई आली. नवऱ्यामागे तिने वीस वर्षं मासळी खारवली होती, आणि आवारातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. तिने तीन पाट्या काट्यापाशी उतरवल्या.

"महिपता, चार लिही."

"तीन आहेत, सोनूमावशी."

"मी मोजून घ्यायला आले नाय. चार लिही." आणि डोक्यावरचं चुंबळ हातात घेऊन ती वारा घालत उभी राहिली. "कैऱ्या काय लागल्यात यंदा! ढीग पडलाय पडवीत. वाऱ्याने पडल्या, आता ठेवून काय, कुजायच्या."

महिपतने पाट्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर ठेवलेली वाटी ओळखायला माणसाला चौथीपर्यंत शिकावं लागत नाही. त्याने चार लिहिलं, चारांचं मीठ दिलं, आणि विचारलं, "गाय काय म्हणते?"

त्याची पहिली लबाडी ही अशी रीतभात सांभाळताना झाली.

अडचण एकच होती. तक्त्यात माशाची जात लिहावी लागे. न आलेल्या माशाची जात कोणती धरायची, याबद्दल नियमांत काही नव्हतं. महिपतने त्याला बांगडा केलं. बांगडा ओळखीचा होता, आणि रकान्यांत पहिला होता.

एकदा वाट पडली की गुरं चालतात. चैत्रात कैरी, वैशाखात आमसुलं, मग पावसाळ्याच्या बेगमीला खारातल्या मिरच्या आणि फणसाचे गरे. डोंगरापलीकडच्या गावांत दिलेल्या लेकी माहेरी येत, जाताना त्यांच्या गाठोड्याला वजन असे. तेवीस साली मिठावरचा कर दुप्पट झाला. त्या साली कांदळबंदराला वहीत न भूतो असा बांगडा आला. पुढल्या साली कर उतरला, तसा बांगडाही जरा ओसरला. ज्याला वाचता येतं त्याला त्या वहीत दिल्लीचा सगळा अर्थव्यवहार दिसला असता. पण वही कुणी वाचत नाही अशी महिपतची श्रद्धा होती. निम्मं सरकार याच श्रद्धेवर चालतं, तेव्हा एका मापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एकोणतीस सालच्या कार्तिकात वाचणारा माणूस आला.

गोगटे साहेब मुंबईहून आले. लहान होड्यांच्या मासेमारीची पाहणी करून, खाडीत आणि किनाऱ्याला कुणी, कधी, कुठल्या जाळ्याने किती मासळी धरावी याचे नियम सरकारला सुचवायचे, असं त्यांचं काम होतं. विलायतेत तीन वर्षं माशांवर शिकून आले होते. साठ-सत्तर माशांची लॅटिन नावं त्यांना पाठ होती. एकही मासा त्यांनी खाल्लेला नव्हता, आणि त्यामुळे त्यांची मतं निःपक्षपाती होती.

"म्हंजे माशावर बुकं लिवता, आणि मासा खात नाय?" सोनूबाईने पहिल्याच दिवशी विचारलं. "लग्नं जुळवणाऱ्या बैराग्यासारखं झालं हे."

गोगटे हसले. माणूस चांगला होता, हीच पुढे सगळ्यांची पंचाईत झाली. वाईट असता तर त्याला फसवून कुणाची झोप उडाली नसती.

त्यांनी आधी लोकांना विचारलं. सात होड्यांचा म्होरक्या काशीराम तांडेल. वाळूत ओढलेल्या होडीला टेकून तो जाळं सांधत बसला होता.

"तांडेल, गेल्या आठवड्यात तुमच्या होडीला किती मासळी मिळाली?"

"मिळाली."

"किती?"

"खाण्यापुरती."

"आणि विकण्यापुरती?"

"ती पण मिळाली असेल." काशीरामने होडीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "साहेब, होडीसमोर आकडा काढू नये. ती ऐकते."

असे आठ दिवस गेले. शेवटी गोगटे आवाराच्या पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "महिपतराव, लोक सांगत नाहीत. आता आकड्यांनाच विचारू." त्यांनी दहा वर्षांच्या वह्या मागितल्या, चौकटींचा कागद पसरला, आणि महिनेवार ठिपके मांडायला लागले. महिपत चहा घेऊन उभा होता. त्याला पहिल्यांदाच दिसलं, की आपण लिहिलेलं एकमेकांशेजारी ठेवलं तर त्याचं चित्र होतं. एक डोंगर आश्विन-कार्तिकात होता. तो खरा होता. दुसरा चैत्र-वैशाखात.

गोगट्यांचा हात थांबला. "हे काय? बांगडा तर पावसाआधी किनाऱ्याला लागत नाही, असं पुस्तकात आहे. आणि इथे दरसाल लागतोय, दहा वर्षं! गेल्या हंगामात पावणेदोनशे मण. हे आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं, महिपतराव!"

"आम्हालाही नव्हतं, साहेब," महिपत म्हणाला.

गोगट्यांनी तो त्याचा विनय समजला. त्याच संध्याकाळी त्यांनी मुंबईला चार पानांचं टिपण पाठवलं.

टिपण वाचलं गेलं. एकदा वाचायची सवय लागली की ती थांबत नाही. माघात आवाराच्या फाटकावर लावायला एक नोटीस आली, आणि ती महिपतनेच खळ करून चिकटवली. कांदळबंदराच्या खाडीच्या मुखाशी चैत्र-वैशाखात जो विपुल बांगडा येतो, तो स्थानिक होड्यांच्या कुवतीबाहेरचा असल्याने, मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या दोन मोठ्या मचव्यांना बारीक आसाची जाळी घेऊन तीन वर्षांसाठी मुखाचा मक्ता देण्याचा सरकारचा विचार आहे. हरकती असल्यास कळवाव्यात.

महिपतने नोटीस मोठ्याने वाचली. लोकांनी ऐकली. मग काशीराम पुढे आला आणि म्हणाला, "परत वाच."

कांदळबंदरात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून कुणी मोडत नसे. होळी जळली की नारळी पौर्णिमेपर्यंत मुखाला जाळं लावायचं नाही. त्या दिवसांत अंड्यावरची मासळी खाडीत शिरते, कोळंबीचं पिल्लू बाहेर समुद्रात जायला निघतं. सात होड्यांनी आतल्या पाण्यात, हातजाळ्याने, मोठी कोळंबी तेवढी धरायची, आणि मुख मोकळं ठेवायचं. वर्षाचं सगळं येणं-जाणं त्या एका दारातून होतं. त्या दारात दोन महिने करंगळी शिरणार नाही अशा आसाची जाळी बांधून ठेवली, आणि तीही तीन वर्षं, तर चौथ्या साली खाडीत फक्त पाणी उरेल, हे समजायला विलायतेला जावं लागत नाही.

हरकत घेऊन काशीराम आवारात आला तेव्हा गोगटे तिथेच होते. मागे सोनूबाई आणि दहा-बारा बायका. महिपत काट्याशी उभा.

गोगट्यांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग म्हणाले, "तांडेल, तुमची रीत शहाणपणाची आहे. मला पटते. पण पटून भागत नाही. वर पुरावा लागतो. तुम्ही म्हणता वैशाखात मुखाशी जाळं लावत नाही. आणि वही म्हणते, तुमच्याच होड्यांनी पावणेदोनशे मण बांगडा आणला. आतल्या पाण्यात बांगडा येत नाही. मग तो आणला कुठून?"

काशीरामने तोंड उघडलं. मग वळून महिपतकडे पाहिलं. महिपतने काट्याच्या पारड्याकडे पाहिलं, पारडं रिकामं होतं.

"आणला... बाहेरून," काशीराम म्हणाला.

"बाहेर म्हणजे कुठे? किती वाव खोल पाण्यात?"

"आठवत नाय."

"दहा वर्षं आठवत नाही?"

"म्हातारा झालाय तो," सोनूबाई मधे पडली. "काल सुनेला बायको म्हणून हाक मारली."

बायका हसल्या. गोगटेही हसले. पण वहीवर ठेवलेला हात त्यांनी उचलला नाही. "हे बघा, मी तुमच्या बाजूचा आहे. पण माझ्यासमोर दोनच साक्षी आहेत. एक तांडेल, एक वही. तांडेलला आठवत नाही. वहीला आठवतं. होळीनंतर आठ दिवसांत माझा अहवाल जाईल. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर मी इथेच आहे."

खरं बोलायचं तर बायका मीठचोर ठरत होत्या. न बोलायचं तर खाडी जात होती. सगळे आपापल्या घरी गेले.

महिपत आवारामागच्या सरकारी खोलीत राही. तो जेवला नाही. त्याची बायको कमळा पानावर बसून राहिली, मग तिने विचारलं, "काय झालं ते तरी सांगा."

त्याने सांगितलं. त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं ते हे, की त्याने कुणाचं काही नेलं नव्हतं. मीठ समुद्राचं, समुद्र सगळ्यांचा, बांगडा कुणाचाच नाही, कारण तो नव्हताच. नसलेल्या माशाने कुणाचं पोट जाळलं असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. आणि आता तोच मासा दात काढून खाडीच्या तोंडाशी उभा होता.

"खरं सांगितलंत तर?"

"नोकरी जाईल."

"आणि नाय सांगितलंत तर?"

"खाडी जाईल."

कमळाने त्याच्या पानात भात वाढला. "मग विचार कसला करताय? नोकरी तुमची एकट्याची हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सोनूबाईकडे गेला. अंगणात उभा राहून तो उन्हाबद्दल बोलला, तिच्या गाईबद्दल बोलला, यंदा मोहोर किती आलाय त्याबद्दल बोलला. सोनूबाई ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "कळलं. आण त्याला. पण मीच वाढीन. तू बोलू नको, तुला बोलता येत नाय, फक्त लिवता येतं."

गोगटे आले, सोनूबाईच्या पडवीत चटईवर बसले. खारव्याच्या घरी खाण्याची त्यांना अडचण नव्हती. विलायतेला जाऊन आल्यावर बाटायचं ते सगळं बाटून झालं होतं. अडचण माशाची होती, आणि ती त्यांनी आधीच सांगून टाकली.

"माहीत हाय," सोनूबाई म्हणाली. "पण आज बांगडा खायचा. वैशाखातला. तो तुमाला चालेल."

तिने आतून तीन बरण्या आणल्या. पहिलीतून केळीच्या पानावर कैरीची फोड वाढली. "हा चैत्रातला." दुसरीतून आमसूल काढलं. "हा वैशाखातला." तिसरीतून खारातली मिरची. "आणि हा जरा उशिरा लागलेला. पाऊस पडायच्या आदल्या दिवशी."

गोगट्यांनी फोड तोंडात टाकली, कारण वाढलेलं टाकू नये असं त्यांना घरी शिकवलं होतं. चावता चावता त्यांनी महिपतकडे पाहिलं. महिपत खाली बघत होता. मग त्यांनी बरण्यांकडे पाहिलं. चार पानांचं टिपण, मुंबईला गेलेलं, एका विद्वान मंडळाच्या मासिकाच्या पुढल्या अंकात छापून यायचं असलेलं, त्यांच्या डोळ्यांपुढून फोड-फोड करून गेलं असावं.

"महिपतराव," ते हळू म्हणाले, "मणामागे दहा शेर ना?"

"होय, साहेब."

"आणखी एक फोड द्या," ते सोनूबाईला म्हणाले. ती त्यांनी विचार करत खाल्ली. मग खिशातून पेन्सिल काढली. "एका घरात मीठ किती लागतं वर्षाला? लोणचं, आमसूल, सगळं धरून?"

त्यानंतर दोन दिवस कांदळबंदराने जी पाहणी पाहिली तशी त्या किनाऱ्यावर आधी झाली नसावी. विलायतेत शिकलेला माणूस घरोघर जाऊन बरण्या मोजत होता, आणि महिपत मागून कागद धरून चालत होता. ज्या बायकांनी मासळीचा आकडा विचारला की तोंडाला पदर लावला, त्यांनी लोणच्याचा आकडा शेजारपर्यंत ऐकू जाईल असा सांगितला. "सात बरण्या लिवा, साहेब! तिच्या चार हायत, नि त्यातल्या एकीला बुरशी!" मीठ किती, लेकीकडे किती गेलं, आमसुलाला किती, सगळं शेरावर. आकडा ऐकणारी इथे होडी नव्हती, शेजारीण होती, आणि तिने ऐकावं अशीच इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी गोगट्यांनी बेरीज केली. पस्तीस घरं, घरटी सरासरी पन्नास शेर. साडेसतराशे शेर मीठ. दहा शेर मिठामागे मण मासळी धरली तर पावणेदोनशे मण बांगडा.

त्यांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. सरकारी नोकरीत इतके जुळलेले आकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी ठिपक्यांचा तो जुना कागद काढला आणि दर वर्षाच्या डोंगरातून लोणचं वजा करायला सुरुवात केली. वैशाखाचा डोंगर गेला. उरलेला आश्विनाचा डोंगर वर्षावर्षाला थोडा थोडा खचत आलेला होता. दहा वर्षांपूर्वीच्या नऊशे मणांवरून सव्वासहाशेवर. कांदळबंदरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही मोठ्याने बोललेलं नव्हतं, कारण होड्या जवळच असत.

"ही खरी माहिती," गोगटे म्हणाले. "मी मुंबईहून आलो ती हिच्यासाठी. आणि ही मला लिहिता येत नाही. वजाबाकी का केली ते वर विचारतील. कारण दिलं तर या पस्तीस घरांवर खटले होतील. तेही या साली. मिठाचं नाव काढलं तरी सरकारच्या अंगावर काटा येतोय."

"मी लिहून देतो," महिपत म्हणाला.

"काय लिहून देणार?"

"वैशाखातल्या नोंदी माझ्या मनाच्या आहेत म्हणून. तांडेलचा संबंध नाही, बायांचा नाही."

"आणि मीठ कुठे गेलं?"

"मी घेतलं."

"महिपतराव, दरसाल साडेसतराशे शेर, म्हणजे चव्वेचाळीस मण मीठ तुम्ही दोन माणसांनी खाल्लं?"

"कागदावर खाल्लं, साहेब. दहा वर्षं कागदावर मासे धरले, तर मीठ खायला काय होतंय?"

गोगट्यांनी टाक त्याच्यापुढे सरकवला. महिपतने अर्धं पान लिहिलं, खाडाखोड न करता. अक्षर नेहमीसारखंच उत्तम होतं. गोगट्यांनी ते वाचलं, खाली साक्ष म्हणून सही केली, आणि दुसऱ्या कागदावर मुंबईला कळवलं, की चैत्र-वैशाखात किनाऱ्याला बांगडा लागतो हे आपलं पूर्वीचं म्हणणं चुकीचं असून ते कृपया छापू नये. ते पत्र लिहायला त्यांना महिपतपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांच्या कागदावर दोन ठिकाणी खोडलेलं होतं.

मक्त्याचा विचार सरकारने सोडला. गोगट्यांनी अहवालात अंड्यावरच्या मासळीबद्दल आणि कोळंबीच्या पिल्लाबद्दल सहा पानं लिहिली होती. ती कुणी पाहिली की नाही कळायला मार्ग नाही. व्यापाऱ्याने मात्र एवढंच पाहिलं, की बांगडा नाही, आणि मचवे दुसरीकडे नेले. काही का होईना, त्या चैत्रात खाडीचं मुख मोकळं राहिलं. सात होड्या आतल्या पाण्यात हातजाळी टाकत होत्या, आणि महिपत फाटकावरची नोटीस पाण्याने भिजवून नखाने काढत होता. खळ त्यानेच केली होती, त्यामुळे ती चांगली घट्ट बसलेली होती.

तेवढ्यात देशभर मिठाचा वणवा पेटला. शिरोड्याला माणसं मीठ उचलून तुरुंगात गेली. कुठून तरी बातमी फुटली, की कांदळबंदरच्या एका सरकारी मापाऱ्याने अकरा वर्षं मीठ पळवलं. रत्नागिरीहून दोन तरुण हार घेऊन आले.

"तुमी चुकताय," महिपत म्हणाला. "तुमची माणसं मीठ उघड्यावर उचलतात. माझ्यावर लबाड नोंदीचा ठपका हाय. हार देवळात घाला, फुलं ताजी हायत."

ते नाराज होऊन गेले. सोनूबाई त्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जेवायला तरी थांबवायचंस! बांगडा होता घरात."

पुढच्या साली समेट झाला, आणि जिथे मीठ होतं तिथल्या गावांना घरापुरतं उचलायची मुभा मिळाली. म्हणजे एक वर्ष थांबला असता तर महिपतला काही कबूल करायची गरज पडली नसती. हे त्याला अनेकांनी सांगितलं. तो म्हणे, "होय, पण खाडी थांबली नसती."

मिठाचा आणखी बोभाटा नको म्हणून खात्याने खटला भरला नाही, नोकरी तेवढी काढून घेतली. नोकरी गेल्यावर तो काशीरामच्या होड्यांची जाळी विणायला बसला. होडीत अजूनही त्याला उलटी होई, वाळूवर होत नसे. संध्याकाळी होड्या लागत तेव्हा तो पाट्या उतरताना बघे, बोलत काही नसे, आणि घरी गेल्यावर लिहून ठेवी: किती पाट्या, कसली मासळी, कुठल्या पाण्यातली, किती होड्या रिकाम्या आल्या. रिकाम्या होड्या सरकारी तक्त्यात कधी नव्हत्या. त्यांना रकाना नव्हता. काशीरामला हे ठाऊक होतं. तो एवढंच बघे, की महिपत होडीकडे पाठ करून बसलाय ना. महिन्याला एक कागद गोगट्यांना मुंबईला जाई. छत्तीस साली होळी ते नारळी पौर्णिमा खाडीच्या मुखाशी बारीक आसाचं जाळं लावू नये, असा लेखी नियम कांदळबंदरापुरता झाला, त्याच्या मागे हे कागद होते. नियम लेखी झाल्यावर तो पहिल्याच वर्षी दोघांनी मोडला, पण ते वेगळं.

महिपत अडतीस सालच्या श्रावणात तापाने वारला. गोगटे तोवर बरेच वर चढले होते. त्यांनी मयताच्या नोकरीपत्रकावरचा मीठचोरीचा शेरा काढून टाकावा अशी लेखी शिफारस केली. तिला तीन महिन्यांनी उत्तर आलं: ‘सदर इसमाने सन १९१९ ते १९३० या मुदतीत सुमारे चारशे ऐंशी मण सरकारी मीठ स्वतःच्या घरखर्चाकरिता अपहृत केल्याचे त्याच्या स्वदस्तुरच्या कबुलीवरून शाबीत आहे. सबब शेरा कायम ठेवण्यात येत आहे.’

महिपतच्या घरी मीठ मालगुंडच्या दुकानातून येई. कमळा ते कराच्या भावाने विकत आणी.